बिबट्या नदीकाठचं ताट

जहाजावर स्वयंपाक करणाऱ्याला खलाशी भंडारी म्हणतात. ते काम मी एकतीस वर्षं केलं. आता दाभोळ खाडीच्या काठी ओटीवर बसून दुसऱ्यांच्या प्रवासात नाक खुपसतो. मागच्या अंकात सोमाली अंजेरोचा, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या धिरड्याचा, दोन ओळींत उल्लेख केला, तर पत्रं त्यावरचीच जास्त आली. सुकटीत अळ्या का पडतात हा हर्णैचा प्रश्न त्यामुळे पुढच्या अंकात. ताईंनी तोवर सुकट उन्हात टाकावी.

प्रश्न : भंडारीकाका, आम्ही दोघं चिपळूणची. माझं मसाल्याचं कांडप आहे, हे शाळेतून निवृत्त झालेत. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आमच्या दुकानात शिरली. मोटार गेली, चाळीस किलो बेडगी मिरची चिखलात गेली. मुलगी पुण्यात शिकते. तिच्या वर्गात सोमालियाची एक मुलगी आहे, बेलेदवेन गावची. 2023 मध्ये तिच्या गावात पूर आला तेव्हा तिने मोबाइलवर चित्रण दाखवलं, आमच्या लेकीने तिला चिपळूणचं दाखवलं. दोघी रडल्या. मग त्या पोरीने भात रांधला आणि प्रत्येकीच्या ताटात एकेक केळं ठेवलं. गेल्या दिवाळीत ती आमच्याकडे चार दिवस राहून गेली. यंदा आमच्या लग्नाला तीस वर्षं होतील. आम्हाला तिचं गाव बघायचं आहे आणि तिच्या आईच्या हातचं जेवायचं आहे. कधी जावं, काय खावं, सोबत काय न्यावं? नातेवाईक आम्हाला वेड्यात काढतात.
— एक जोडपं, चिपळूण

उत्तर : ताई आणि गुरुजी, तुमच्या नातेवाइकांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. ते आधी सांगून मोकळा होतो. बेलेदवेनला सध्या जाऊ नका. 2022, 2023 आणि 2025 या तिन्ही वर्षी त्या शहरात मोठे बॉम्बहल्ले झाले. अल-शबाब या दहशतवादी संघटनेशी लढाई चालूच आहे. रस्त्याने जाण्याचं नावच नको, आणि विमानाने उतरलात तरी बंदूकवाले पुढेमागे घेऊन फिरावं लागेल. बंदूकवाले दाराशी उभे करून कुणाच्या आईच्या हातचं जेवण गोड लागत नाही. शिवाय तुम्ही चार दिवसांनी परत याल, ती माऊली तिथेच राहणार. परदेशी पाहुणे कुणाच्या घरी उतरले होते, हे गावात लक्षात राहतं.

आता उरलेलं अर्धं. नदी एकच आहे, ती वरच्या अंगालाही भेटते. बेलेदवेनची शबेले नदी उगवते इथिओपियाच्या डोंगरात आणि सोमालियात शिरण्याआधी इथिओपियाच्या सोमाली प्रांतातून वाहते. तिथे तिच्या काठावर गोडे नावाचं शहर आहे. नकाशावर इथिओपिया, पण भाषा सोमाली, बाजार सोमाली, ताट सोमाली. गोडेचं पाणी पुढे केलाफो, मुस्ताहिल, फेरफेर करत बेलेदवेनच्या पुलाखालून जातं. माझा एक जुना जहाजी सोबती, इंजिनरूममधला तेलवाला, म्हातारपणी तिथे बहिणीकडे येऊन राहिला होता. त्याच्या बोलावण्यावरून जानेवारी 2020 मध्ये मी आणि आमची ही सहा दिवस गोडेला जाऊन आलो. तुम्ही तिथे जा असं मी सुचवेन, पण तेही डोळे उघडे ठेवून. जुलै 2022 मध्ये अल-शबाबची माणसं त्या प्रांतातही घुसली होती. त्यामुळे गोडेहून पुढे सीमेच्या बाजूला पाऊल टाकायचं नाही. तिकीट काढण्याआधी एकदा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा आपल्या परराष्ट्र खात्याच्या सूचना वाचायच्या. 'जाऊ नका' म्हटलं असेल तर नाही जायचं. तीस वर्षं झाली, एकतिसावं वर्षही येईल.

बेलेदवेनच्या आईचं काय, असं विचाराल. ती लेक सुटीत घरी जाईल तेव्हा तिच्याबरोबर तुमच्या कांडपातला मसाला पाठवा. किलोभर नको, पावशेर पुरे. तुमच्याआधी मसाला पोचू दे.

नदीबद्दल थोडं सांगतो, कारण जेवण तिच्याशिवाय कळायचं नाही. सोमालीत शबेल म्हणजे बिबट्या. नावाला साजेशी आहे, दबा धरून राहते आणि मग झडप घालते. बेलेदवेनला आभाळ कोरडं असलं तरी वर इथिओपियाच्या डोंगरात मुसळधार झालं की चार-सहा दिवसांनी गावात पाणी. मे 2023 मध्ये जवळजवळ सगळं शहर गाव सोडून उंचावर गेलं होतं. तिच्यातल्या मगरींचं तुम्हाला नवल नाही, वाशिष्ठीतल्या मगरी दाखवायला इथे आमच्या खाडीत होड्या फिरतात. फरक आहे तो पुढे. आपल्या नद्या सह्याद्रीवरून सुटल्या की एका दमात दर्याला मिळतात, मध्ये उसंत नाही. शबेले हजारावर किलोमीटर चालत मोगादिशूजवळ येते, समुद्र तीसेक किलोमीटरवर राहतो, आणि तिथून ही बाई पाठ फिरवते. वाळूच्या टेकड्यांच्या आडून किनाऱ्याला समांतर नैऋत्येला जाते आणि दलदलीत, वाळूत जिरते. फारच पाऊस झाला तरच पुढे जुबा नदीला जाऊन मिळते. दर्यावर्दी माणसाला हे बघवत नाही, पण शेतकऱ्याचं त्यात भलं आहे. जिथून ती जाते तिथे मका, तीळ, केळी, सगळं पिकतं. 

मी तिला पहिल्यांदा पाहिलं 1986 साली, अफगोयेला. आमचं जहाज मोगादिशू बंदरात तांदूळ उतरवत होतं. शुक्रवारी काम बंद, म्हणून एका मालट्रकवाल्याच्या शेजारी बसून तीस किलोमीटरवरच्या अफगोयेला गेलो. तिथे एका पडवीत लाकडी घाणा फिरत होता, आणि फिरवत होता उंट. डोळ्यांना फडकं बांधलेलं, आपल्याकडे खोबरेलाच्या घाण्याला बैलाच्या बांधायचे तसंच. उखळातून तिळाचं तेल झिरपत होतं. घाणेवाल्याने भाकरीचा तुकडा त्यात बुडवून माझ्या हातावर ठेवला. तेल अजून कोमट होतं. ते तेल आणि तो उंटाचा वास मी अजून वेगवेगळे आठवू शकत नाही.

आता ताट. सोमाली नदीकाठच्या ताटात तीन वाटांनी माल येतो असं माझं मत झालंय. पहिली वाट नदीची: मका, तीळ, केळं, चवळी. मक्याच्या पिठाची मूफो नावाची जाड भाकरी मातीच्या भट्टीत भाजतात. मक्याचीच घट्ट पेज, ती सोर. दुसरी वाट नदीपलीकडच्या माळाची, तिथे धनगरी आयुष्य आहे. तिथून बकरा, उंटिणीचं दूध आणि तूप. तिसरी वाट समुद्राची: तांदूळ, चहा, वेलची, दालचिनी, आणि इटलीवाल्यांनी आणलेली शेवई. दक्षिण सोमालिया त्यांच्या ताब्यात होता तेव्हा ती रुजली. बास्तो म्हणतात तिला, आणि घरात ती सर्रास हाताने खातात. बोटाभोवती गुंडाळायची, रश्शात टेकवायची आणि तोंडात. मला जमलं, आमच्या हिने चमचा मागितला.

तीन वाटा एकत्र येतात त्या भाताला बरीस म्हणतात. बकऱ्याचं मटण शिजवलेल्या पाण्यात तांदूळ शिजवायचा, वर कांदा-मनुका, बाजूला हिरव्या मिरचीचं आंबट वाटण, ते बिस्बास. आणि केळं. ताई, तुमच्या लेकीच्या मैत्रिणीने ताटात केळं ठेवलं ते नंतर खायला नव्हतं, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. एक घास भात, एक चावा केळं. मी पहिल्यांदा केळं बाजूला ठेवून भात संपवला, तर यजमानाला वाटलं पाहुण्याला केळं किडकं लागलं. दुसरं आणून ठेवलं. तेही बाजूला. तिसऱ्या केळ्याला माझ्या सोबत्याने माझ्या पायावर पाय दिला. 

हे आजचं खूळ नाही. इब्न बतूता 1331 साली मोगादिशूला उतरला होता. त्याने लिहून ठेवलंय की तुपातला भात, त्यावर मांस-मासळीचं कालवण, दुधात शिजवलेली कच्ची केळी, लोणच्याचं लिंबू, आलं आणि आंबे पुढे आले. भात, लोणचं आणि आंबा! सातशे वर्षांपूर्वी. आंब्याला सोमालीत आजही 'अंबे' म्हणतात. हे आमच्या हिला कळल्यावर ती बाजारभर 'अंबे, अंबे' करत फिरली, जानेवारीत आंबा कुठला मिळायला. 

कांडपवाल्या ताईंसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. माझ्या सोबत्याची बहीण आणि आमची ही, दोघींना एकमेकींच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर दोघी चुलीपाशी पाटावर. त्यांचा मसाला म्हणजे हवाश: जिरं, धणे, मिरी, दालचिनी, वेलची, लवंग, हळद, भाजून लाकडी उखळीत कुटलेलं. आमच्या हिने हुंगून पाहिलं, चिमूट जिभेवर ठेवली आणि तिच्या आचऱ्याच्या बोलीत म्हणाली, "ह्येत मिरची खंय आसा?" मग पिशवीतून आपला मालवणी मसाल्याचा डबा काढला. बहिणीने झाकण उघडून नाक खाली नेलं आणि अशा शिंका सुरू झाल्या की अंगणातली पोरं धावत आली. शिंका थांबल्यावर तिने डब्यात बोट घातलं, दगडफूल उचलून उजेडात धरलं आणि हे काय म्हणून खुणेने विचारलं. दगडफुलाला खुणेने काय सांगणार? हिने भिंतीवर हात फिरवला, झाडावर फिरवला. ती बाई हसत सुटली. तिला बहुधा वाटलं की हिंदुस्थानात भिंती खरवडून मसाला करतात. तरी अर्धा डबा ठेवून घेतला आणि त्या मापाने हवाश बांधून दिला. तुम्ही सोबत काय न्यावं, याचं उत्तर हेच. साडी-चॉकलेटं नकोत, मसाला न्या, सीलबंद पुड्यांत.

उंटिणीच्या दुधाबद्दल सावधगिरीची सूचना. दुधाची भांडी धुण्याऐवजी आतून निखाऱ्याने धुरी देतात, त्यामुळे दुधाला धुराचा वास असतो. चव किंचित खारट, पातळ, फार छान. म्हणून मी जहाजी सवयीने मगभर प्यालो. हिने दोन घोट घेतले आणि शहाण्यासारखा पेला खाली ठेवला. पुढची रात्र मी बसून काढली. कुठे ते विचारू नका.

त्या दुधालाच आम्ही एक दिवस मुकलोही होतो. सोबत्याचा भाचा म्हणाला, उद्या दोन वाजता नेतो. आम्ही दुपारी जेवून, दोनला तयार होऊन बसलो. तो सकाळी आठला येऊन गेला होता, तेव्हा आम्ही नदीवर. तिथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. कुणी वेळ दिली की घड्याळाकडे नको, आकाशाकडे बोट दाखवून विचारा.

त्या सकाळी नदीवर मक्याच्या शेतात पोरं पत्र्याचे डबे बडवत होती. टोळधाडीचं वर्ष होतं ते. आपल्याकडे माकडं हाकायला बडवतात तसेच डबे, तसाच आवाज. आमची ही मोबाइल विसरून नुसती ऐकत उभी राहिली. आणि रस्त्याला आलो तर समोर रिक्षांची रांग, सगळ्या आकुर्डीच्या कंपनीच्या, ओळखीच्या. त्या भागात रिक्षाला रिक्षा म्हणतच नाहीत, बजाज म्हणतात. "बजाज!" अशी हाक मारली की थांबते. पुण्याच्या रिक्षेपेक्षा लवकर थांबते हे माझं वैयक्तिक निरीक्षण.

बाकी व्यवहाराचं झटपट. मुंबईहून अदिस अबाबाला थेट विमान आहे, साधारण सहा तास. तिथून गोडेला देशांतर्गत. अदिस सव्वादोन हजार मीटरच्या वर, गोडे सपाटीला, म्हणजे स्वेटर आणि सुती कपडे दोन्ही लागतात. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी टोचून पिवळं कार्ड जवळ ठेवा, नाहीतर परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अडकवून ठेवतात. डिसेंबर-जानेवारी कोरडे, ते बरे. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिथले पावसाचे आणि पुराचे महिने, तुम्ही एक पूर पाहिलात तेवढा पुरे. रमजान कधी येतो ते पाहून घ्या. ताईंनी सलवार-कमीज आणि डोक्यावर घ्यायला मोठी ओढणी ठेवावी, पोट उघडं राहील अशी साडी नको. फोटो विचारून काढा, पुलाचा आणि शिपायांचा विचारूनही काढू नका. दुपारी पुरुषमंडळी काट नावाचा हिरवा पाला चघळत बसतात. गुरुजींना आग्रह होईल. हात छातीवर ठेवून नाही म्हणावं, कुणी रागावत नाही. गंमत म्हणूनही पिशवीत आणू नका, आपल्याकडे कस्टमवाले पकडतात.

गुरुजी, तुमच्यासाठी एक-दोन जिन्नस राखून ठेवलेत. त्याच नदीवर बेलेदवेनच्या खाली जोहार नावाचं गाव आहे. 1909 मध्ये के-टू शिखर चढायचा प्रयत्न करणारा इटलीचा सरदार, अब्रुझीचा ड्यूक, त्याने पुढे तिथे उसाची शेती वसवली आणि 1933 साली तिथेच मेला. बर्फाच्या मागे लागलेला माणूस अखेरीस उसात विसावला. दुसरं म्हणजे सोमाली लोकांचा शिमगा. त्यांच्या सौर वर्षाच्या सुरुवातीला, आपल्या श्रावणाच्या आसपास, ते होळी पेटवतात आणि काही ठिकाणी तिच्यावरून उड्या मारतात. त्या सणाला दबशीद म्हणजे अग्नी पेटवणं, किंवा नेरोश म्हणतात. हा नेरोश इराणच्या नवरोजचा भाऊ, समुद्रावरून गेलेला. त्याच दिवसांत अफगोयेला दोन गट काठ्या घेऊन लुटुपुटीची लढाई करतात, तिचं नाव इस्तुंका. मी गेलो तेव्हा ते दिवस नव्हते. पण ट्रकवाल्याने कपाळावरची खूण बोट लावून दाखवली होती, लुटुपुटीची म्हणून.

प्रश्न : आम्ही दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मुलगा अदिसला नोकरीला आहे, तो गोडेपर्यंत नेतो म्हणतोय. तिथे उपाशी राहायची वेळ येईल का? घरून दशम्या, मेतकूट नेऊ का?
— देवरुख

उत्तर : मेतकूट न्या, ते कुठेही न्यावं. उपाशी मात्र राहणार नाही. एकच खबरदारी, भात 'नुसता' मागितलात तरी तो मटणाच्या पाण्यात शिजलेला असू शकतो. वरचं मांस काढून देतील आणि मनापासून समजतील की तुमची सोय झाली. तेव्हा भाताच्या वाटेला जाऊच नका. 

सकाळी अंजेरो, तिळाचं तेल आणि साखर, सोबत वेलची-दालचिनीचा दुधाचा चहा. रात्री अंबूलो मागा. लाल चवळीसारखे बारीक दाणे तासन् तास मऊ शिजवतात आणि वर तेल किंवा तूप आणि चक्क साखर. आपल्या उसळीच्या अपेक्षेने तोंडात घातलंत तर फसाल. गोडाचं म्हणून खा, मग आवडेल. चवळी वाटून तळलेली बजिये मिळतात, नावावरून ओळखा कुठून गेली ती. आणि इथिओपियाचे ख्रिस्ती लोक बुधवार-शुक्रवार कडक उपास करतात, त्यात दूध-तूपसुद्धा चालत नाही. त्यामुळे अदिसमध्ये 'बेयनेतू' मागितलंत की मोठ्या आंबट धिरड्यावर डाळी-भाज्यांचे आठ-दहा ढीग येतात. मुलाला माहीत असेल. नसेल तर तो तिथे काय खातोय याची चौकशी करा.

प्रश्न : 2010 मध्ये माझा भाऊ जहाजावर होता. सोमाली चाच्यांनी जहाज पकडलं. कित्येक महिने आम्ही फोनच्या शेजारी झोपलो. तो परत आला, पण पुन्हा दर्यावर गेला नाही. तुम्ही जहाजावर काम केलेलं, आणि त्या लोकांच्या जेवणाचं कौतुक करता?
— गुहागर

उत्तर : ताई, तुमच्या रागाला माझ्याकडे उत्तर नाही आणि तो सोडा असंही मी म्हणणार नाही. 2009 ला एडनच्या आखातातून आम्ही ताफ्याबरोबर गेलो. कठड्याला काटेरी तारेची वेटोळी, पाण्याचे बंब बाहेर रोखलेले, रात्री एक दिवा नाही. भटारखान्याच्या खिडक्यांना मी घोंगड्या बांधल्या आणि आत पिठलं ढवळलं. हात थरथरत होता म्हणून त्यात गुठळ्या झाल्या. कुणी काही बोललं नाही.

त्याच जहाजावर माझा तो तेलवाला सोबती होता. सोमाली. पहिल्या रात्री आमच्यातलाच एक जण त्याच्याकडे बघून काहीतरी बोलला, तेव्हापासून तो जेवायला खाली येईना. ताट घेऊन मी त्याच्या केबिनवर गेलो. तो म्हणाला, भंडारी, ते वर आले तर तुमच्यासाठी पैसे मागतील, माझ्यासाठी कोण देणार आहे? चाचेगिरी करणारे हरारधेरे, एयलसारख्या किनाऱ्यावरच्या गावांतून निघत. गोडेची ती बाई दर्यापासून शेकडो किलोमीटर आत राहते, तिने समुद्र पाहिलेला नाही. हे तुमच्या भावाला सांगायला म्हणून लिहीत नाही. तुम्ही विचारलंत की कौतुक का करतो, म्हणून लिहिलं. भावाला माझा नमस्कार सांगा. कधी बोलावंसं वाटलं तर धोपावे-दाभोळ फेरी दहा-पंधरा मिनिटांची आहे, चहा माझ्याकडे.

प्रश्न : अंजेरो आमच्या आंबोळीच्या तव्यावर होईल का? प्रमाण सांगा.
— वेंगुर्ला

उत्तर : होईल. बिडाचा तवा हवा, नॉनस्टिकवर जाळी नीट पडत नाही. दोन वाट्या मैदा, एक वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी मक्याचं पीठ, चिमूटभर यीस्ट, कोमट पाण्यात कालवून रात्रभर. तिथे यीस्टऐवजी कालचं उरलेलं आंबट पीठ घालतात. तुमच्याकडे आंबोळीचं पीठ उरलं असेल तर त्यातला डावभर घाला, पण मग उडीद आत गेले म्हणून सोमाली बायका नाव ठेवतील. आमच्या हिने उलट नाव ठेवलं होतं. पहिला घास खाल्ला आणि म्हणाली, "अगो बाय, ही तर आंबोळीच! पण उडीद खंय गेले?"

सकाळी मीठ घालून पातळ करा, घावनापेक्षा दाट, आंबोळीपेक्षा पातळ. तवा फार तापवू नका. तेल घालू नका, फार तर अर्ध्या कांद्याने पुसून घ्या. डावभर पीठ मध्यभागी ओता आणि डावाच्या बुडाने आतून बाहेर वाटोळं फिरवत न्या, जिलबी उलटी काढल्यासारखं. वळ्या दिसल्या पाहिजेत, सपाट केलात तर धिरडं होईल. भोकं पडायला लागली की झाकण. उलटायचं नाही, एकाच बाजूने. काढल्यावर ताटात पसरा, त्यावर तिळाचं तेल, साखर, आणि मुलं खाणार असतील तर वरून गरम चहा ओता आणि हाताने कुस्करू द्या. कपडे खराब होतात. 

पहिला तव्याला चिकटतोच. आमच्याकडे तो कावळ्याला.